काळा पाषाण, पिवळी हळद आणि लॅपटॉपचा पडदा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचे मंदिर हेमाडपंती स्थापत्याचा ठळक नमुना मानले जाते. यादवकालीन असे हे बांधकाम काळ्या पाषाणाचे असून बाह्य भिंतींवर मूर्तींच्या एकावर एक रांगा आहेत. शिखराकडचा वरचा भाग मात्र नंतरच्या जीर्णोद्धारातला, उजळ रंगाचा. अहिल्याबाई होळकरांचे नाव या जीर्णोद्धाराशी जोडले जाते. खाली काळा कातळ आणि वर पांढुरका चुना, अशी ही वास्तू छायाचित्रकाराची सत्त्वपरीक्षा पाहते. कॅमेऱ्यासमोरची परीक्षा कशीबशी पार पडली, तरी दुसरी परीक्षा घरी लॅपटॉप उघडल्यावर सुरू होते.

कारण सोपे आहे. मूर्तींचे बारकावे काळ्या दगडात असतात आणि काळा दगड फारच थोडा प्रकाश परत करतो. समजा, एखाद्या मूर्तीच्या उजेडातील भागाने पांढऱ्या कागदाच्या मानाने पाच टक्के प्रकाश परत केला आणि तिच्या घळीतल्या सावलीने अर्धा टक्का. संगणकाच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर हे दोन आकडे साधारण ६३ आणि १६ येतात. म्हणजे मुकुटाची नक्षी, अलंकारांचे पदर, झिजलेला चेहरा, हे सारे शिल्पवैभव २५५ पायऱ्यांपैकी तळाच्या पन्नासएक पायऱ्यांत दाटीवाटीने बसलेले असते. पडद्याने या तळाशी थोडी जरी लबाडी केली, तरी मूर्ती काळोखात बुडते किंवा राखेसारखी फिकट दिसू लागते.

खरे नुकसान त्यापुढचे आहे. पडदा मूर्ती बुडवून दाखवतो, म्हणून आपण छायाचित्र उजळवतो. पडद्याला निळसर झाक असते, म्हणून चित्रात पिवळेपणा मिसळतो. मूळ फाइल बिनचूक होती. आपण ती पडद्याच्या चुकीप्रमाणे ‘दुरुस्त’ करून बिघडवली, आणि पुढे छापखान्यात, संकेतस्थळावर, संग्रहालयाच्या नोंदीत हीच बिघडलेली प्रत जाते. दगडावर शेवाळ किती चढले, क्षारांचे पांढरे डाग कुठवर पसरले, तेल-शेंदराचा थर कुठे आहे, हे पन्नास वर्षांनी कोणाला पडताळायचे झाले तर हाताशी हे छायाचित्रच असणार. म्हणून पडद्याच्या अंशशोधनाचा, म्हणजेच कॅलिब्रेशनचा विषय हौशी तंत्रज्ञांपुरता ठेवण्यासारखा नाही.

अंशशोधन म्हणजे एखाद्या उपकरणाने दाखवलेले मूल्य ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहणे. योगायोग असा, की औंढा तालुक्यातच दुधाळ्याच्या परिसरात जगातील अत्यंत नाजूक मोजमापांपैकी एक मोजमाप करणारी वेधशाळा उभारली जात आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही ‘लायगो-इंडिया’ गुरुत्वीय लहरी टिपणार असून, सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोच्या वेधशाळांत टांगलेल्या आरशांवर एक दुसरा लेसर सोडून त्याच्या प्रकाशाचा मोजका दाब दिला जातो आणि यंत्र तेवढीच हालचाल नोंदवते की नाही हे तपासले जाते. आपल्या लॅपटॉपचे काम याच जातीचे, फक्त कितीतरी ढोबळ. पडद्याला ठरावीक रंग दाखवायला सांगायचा आणि त्याने प्रत्यक्षात काय दाखवले ते मोजायचे.

रंगव्याप्ती म्हणजे काय?

माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा १९३१ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, सिद्ध केला. घोड्याच्या नालेसारख्या या आकृतीत प्रत्येक पडदा एक त्रिकोण व्यापतो. त्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या मूळ रंगांचे बिंदू हे त्या त्रिकोणाचे कोन. त्रिकोणाबाहेरचा रंग तो पडदा दाखवूच शकत नाही. १९९६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सुचवलेला ‘एसआरजीबी’ हा त्रिकोण त्या काळच्या साध्या मॉनिटरवर बेतलेला होता आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. इंटरनेटवरील बहुतेक चित्रे आजही याच मापाची असतात. १९९८ च्या ‘अॅडोबी आरजीबी’ने हिरव्या-निळ्या बाजूला मोठी मजल मारली, तर चित्रपटगृहांसाठी तयार झालेल्या ‘डीसीआय-पी३’ने लाल, केशरी आणि हिरव्या बाजूला. पी३ ची व्याप्ती एसआरजीबीपेक्षा सुमारे चतुर्थांशाने मोठी आहे.

ही वाढीव जागा मराठी माणसाच्या रोजच्या रंगांच्या फार कामाची आहे. हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उन्हात वाळत घातलेल्या हळदीचा गर्द पिवळा रंग एसआरजीबीत बसवू पाहिला, तर निळ्या रंगाचा आकडा शून्याला टेकतो आणि ढिगातले चढउतार सपाट होऊन पिवळा लेप दिल्यासारखे दिसतात. झेंडूचा केशरी, शेंदराचा लालकेशरी यांचीही हीच गत. पैठणीच्या मोरपंखी काठाची अडचण उलट बाजूची आहे. त्याला अॅडोबी आरजीबी अधिक मानवते. विस्तृत रंगव्याप्तीचा पडदा हे रंग दाखवू शकतो. ‘दाखवू शकतो’ आणि ‘बरोबर दाखवतो’ यांत मात्र अंतर आहे.

लॅपटॉपमध्ये असे पडदे प्रथम व्यावसायिकांच्या महागड्या यंत्रांत आले. २००८ च्या सुमारास एचपीने ‘ड्रीमकलर’ नावाचा पडदा आणला, आणि त्याच वर्षी लेनोव्होच्या ‘थिंकपॅड डब्ल्यू७००’ या अवजड लॅपटॉपमध्ये मनगट टेकण्याच्या जागी रंगमापकच बसवून मिळत असे. झाकण मिटायचे, थोडा वेळ थांबायचे, अंशशोधन पूर्ण! कल्पना झकास होती, पण रुळली नाही. पुढे अॅपलने २०१५ मध्ये आयमॅकला आणि २०१६ मध्ये मॅकबुक प्रो व आयफोनला पी३ व्याप्तीचे पडदे दिले. आता ओलेड आणि क्वांटम डॉट तंत्रामुळे मध्यम किमतीच्या लॅपटॉपवरही पी३ ची जाहिरात दिसते.

जाहिरातीतील टक्केवारी वाचताना सावध राहावे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेला पडदा एसआरजीबीचाही जेमतेम दोनतृतीयांश भाग दाखवतो. कितीही अंशशोधन केले तरी त्यात हळद खुलणार नाही. ‘७२ टक्के एनटीएससी’ म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे एसआरजीबीएवढा. एनटीएससी हे १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचे माप. संगणकाच्या दुकानात ते अजून का वापरले जाते, याचे समाधानकारक उत्तर विक्रेत्यांकडेही नसते.

भडक चेहऱ्यांचे कोडे

विस्तृत व्याप्तीचा नवा लॅपटॉप घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: जुनी छायाचित्रे भडक दिसतात, चेहरे उन्हाने भाजल्यासारखे लाल वाटतात. यात पडद्याचा दोष नसतो. चित्राच्या फाइलमध्ये ‘लाल २५५’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या त्रिकोणातला लाल? एसआरजीबीतला शुद्ध लाल पी३ च्या पडद्यावर अचूक दाखवायचा, तर लाल २३४, हिरवा ५१, निळा ३५ असे आकडे पाठवावे लागतात. हे रूपांतर न करता प्रणालीने २५५, ०, ० हेच आकडे जसेच्या तसे पडद्याकडे ढकलले, तर शेंदूर पेटल्यासारखा दिसतो.

हे रूपांतर ज्या कागदपत्राच्या आधारे होते त्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने, आयसीसीने, त्याचे स्वरूप ठरवले. प्रोफाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली म्हणजे ग्राफिक्स कार्डात भरायचा तक्ता. तो करड्या रंगातील झाक काढतो, उजेडाची चढण ठीक करतो आणि पडद्यावरील सर्व गोष्टींना लागू होतो. दुसरी म्हणजे पडद्याच्या त्रिकोणाचे वर्णन. ते फक्त रंगव्यवस्थापन जाणणारे प्रोग्रॅम वाचतात. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, आजचे प्रमुख ब्राउझर हे काम करतात. विंडोजमधील कित्येक साधे प्रोग्रॅम करत नाहीत. ‘कॅलिब्रेशन करूनही एकाच फोटोचे दोन खिडक्यांत दोन रंग दिसतात’ या कोड्याचे उत्तर बहुधा इथेच सापडते. मॅकवर रंगव्यवस्थापन प्रणालीच्या मुळाशीच असल्याने हा त्रास कमी होतो. विंडोज ११ मध्येही स्वयंचलित रंगव्यवस्थापनाची सोय आली आहे, मात्र ती प्रत्येक यंत्रावर चालत नाही.

मोजणी कशी करावी?

डोळ्यांनी अंशशोधन करण्याची सोय विंडोज आणि मॅक दोन्हींत आहे. तिचा उपयोग ढोबळ चूक पकडण्यापुरताच. डोळा हा मोठा तडजोडी प्राणी आहे. पिवळ्या दिव्याखाली दहा मिनिटे बसले की पिवळा कागदही त्याला पांढरा वाटू लागतो. म्हणून रंगमापक, म्हणजे कलरीमीटर हवा. पडद्यावर टांगायचे हे मुठीएवढे उपकरण रंगीत गाळण्यांतून प्रकाश मोजते. कॅलिब्राइट आणि डेटाकलर यांची उपकरणे बाजारात मिळतात. गावातील तीन-चार छायाचित्रकारांनी मिळून एक घेतले तरी भागते, कारण ते महिन्यातून एकदाच लागते. जुने स्वस्त मापक कोणी देऊ केले तर मात्र जपून. जुन्या बनावटीच्या काही मापकांतील गाळण्या उष्णता आणि दमटपणाने विटतात. कोकणात दहा पावसाळे पाहिलेले मापक रंग मोजणार तरी कसे?

विस्तृत व्याप्तीच्या पडद्याची खास अडचण इथे येते. मापकातील गाळण्या माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. साध्या पांढऱ्या एलईडीच्या पसरट प्रकाशात ही तफावत झाकली जाते. पण ओलेड, क्वांटम डॉट किंवा लाल-हिरव्या-निळ्या एलईडीच्या प्रकाशात अरुंद, टोकदार पट्टे असतात आणि तिथे छोटी तफावत मोठी चूक होऊन बसते. म्हणून मोजणी सुरू करण्यापूर्वी प्रोग्रॅममध्ये आपल्या पडद्याच्या प्रकाराला योग्य ती दुरुस्ती निवडावीच लागते. ‘एलईडी’ एवढेच पाहून पहिला पर्याय दाबला, तर पांढरा रंग गुलाबी किंवा हिरवट निघण्याची शक्यता राहते. ग्रेम गिल यांची ‘आर्गिल’ ही मुक्त प्रणाली आणि तिच्यावर आधारलेला ‘डिस्प्लेकॅल’ हा प्रोग्रॅम अशा दुरुस्त्यांची उत्तम सोय देतात, तीही विनामूल्य.

तयारीला फार काही लागत नाही. पडदा मऊ कोरड्या कापडाने पुसावा, लॅपटॉप अर्धा तास आधी सुरू करून ठेवावा आणि वीजजोडणीवरच चालवावा. बॅटरीवर गेला की अनेक लॅपटॉप उजेड आणि कॉन्ट्रास्ट आपल्या मर्जीने बदलतात. वीज गेल्यावर मोजणी अर्धवट सोडून पुन्हा पहिल्यापासून करावी. रात्री पडदा पिवळा करणारी सोय, खोलीच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारी सोय, चित्र पाहून पाठचा दिवा कमीजास्त करणारी वीजबचत, एचडीआर, हे सारे बंद करावे. उत्पादकाच्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हिव्हिड’, ‘सिनेमा’, ‘पी३’ असे पर्याय असतात. ज्या पर्यायात मोजणी केली तोच कायम ठेवावा, कारण पर्याय बदलताच प्रोफाइल निरर्थक होते. बसण्याची जागाही पाहावी. आपल्याकडे गुलाबी आणि पोपटी भिंतींची हौस दांडगी; पण त्या भिंतीचा रंग पडद्यावर आणि डोळ्यांवर सांडत असतो.

आता उद्दिष्टे. छपाईसाठी काम करायचे असेल तर पांढऱ्याचा उजेड प्रति चौरस मीटर १०० ते १२० कॅन्डेला ठेवावा. नवे लॅपटॉप ४००-५०० पर्यंत जातात आणि त्या झगमगाटात ठीक दिसणारे छायाचित्र कागदावर हमखास काळवंडते. ‘छापखान्याने फोटो काळा केला’ या तक्रारीचे मूळ बहुतेकदा आपल्या पडद्याच्या उजेडात असते. गॅमा २.२ ठेवावा. श्वेतबिंदू ६५०० केल्विनचा, म्हणजे ‘डी६५’. यात एक व्यवहार सांभाळावा. स्वतंत्र मॉनिटरला लाल, हिरवा, निळा कमीजास्त करण्याची बटणे असतात. लॅपटॉपला सहसा फक्त उजेडाचे बटण असते. त्यामुळे सगळी दुरुस्ती ग्राफिक्स कार्डाच्या तक्त्यातून होते आणि प्रत्येक दुरुस्ती २५६ पायऱ्यांतल्या काही पायऱ्या खाते. पडद्याचा स्वतःचा श्वेतबिंदू ६७०० असेल, तर त्याला ओढूनताणून ६५०० वर आणण्यापेक्षा तसाच ठेवणे शहाणपणाचे. नाहीतर काळ्या पाषाणाच्या त्याच तळाच्या पायऱ्यांत पट्टे उमटतात, जिथे आपल्याला एकेक पायरी मोलाची आहे.

मग मापक पडद्यावर सपाट टेकवून पडदा किंचित मागे कलवावा आणि प्रोग्रॅमला शे-दोनशे रंगचौकोन मोजू द्यावेत. शेवटी पडताळणी करावी. अपेक्षित आणि प्रत्यक्ष रंगातील अंतराला ‘डेल्टा ई’ म्हणतात. एकच्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. सरासरी दोनच्या आत आली तर समाधान मानावे. सरासरी चांगली असूनही एखादा गर्द निळा पाचवर जाईल, त्याची चिंता नको. गर्द करडा मात्र तीनच्या वर गेला तर पुन्हा मोजावे. मूर्तींसाठी करड्या रंगांची शिस्त त्रिकोणाच्या टोकांपेक्षा महत्त्वाची.

एवढे करूनही दोन पडदे शेजारी ठेवले तर कधी कधी त्यांचे पांढरे वेगळे दिसतात, मापक मात्र दोन्ही सारखेच असल्याचे सांगतो. टोकदार पट्ट्यांच्या प्रकाशाला प्रत्येक डोळा किंचित वेगळा प्रतिसाद देतो आणि १९३१ चा ‘प्रमाणित निरीक्षक’ म्हणजे काही आपण नव्हे. अशा वेळी जुन्या, भरवशाच्या पडद्याशी किंवा योग्य दिव्याखालील पांढऱ्या कागदाशी डोळ्याने पांढरा जुळवून तेच उद्दिष्ट प्रोग्रॅमला द्यावे. हा उपाय शास्त्राशी फारकत घेतो असे वाटेल, पण अनुभवी मंडळी तोच करतात.

मंदिरापासून छपाईपर्यंत

अंशशोधित पडदा हा साखळीतील एक दुवा. पहिला दुवा मंदिराच्या आवारात आहे. तेथे छायाचित्रणाला जिथे परवानगी असेल तिथे, मूर्तींच्या रांगेशेजारी २४ चौकोनांची रंगपट्टी किंवा साधे करडे कार्ड त्याच उजेडात धरून एक चित्र घ्यावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाषाण तांबूस दिसतो, सावलीत आभाळाच्या प्रकाशाने निळसर. त्यातला ‘खरा’ कोणता हा वाद करड्या कार्डाने मिटतो. गाभारा अरुंद पायऱ्यांनी खाली उतरून जावे लागणारा, भूमिगत आणि समयांच्या उजेडातला. त्याचा तांबूसपणा पुसून टाकावा की ठेवावा, हा निर्णय मापकाचा नाही. दस्तऐवज करायचा असेल तर करडा करडाच ठेवावा, दर्शनाचा अनुभव द्यायचा असेल तर समईला तिचा रंग राहू द्यावा. दोन्ही प्रती वेगळ्या नावांनी जपाव्यात, हे उत्तम.

मूळ फाइल ‘रॉ’ स्वरूपात ठेवावी. कामाची प्रत विस्तृत व्याप्तीत, शक्यतो १६ बिटमध्ये करावी आणि इंटरनेटवर टाकायची प्रत एसआरजीबीत रूपांतरित करून प्रोफाइल जोडूनच पाठवावी, कारण पाहणाऱ्याचा पडदा कसा आहे हे आपल्या हाती नसते. छपाईसाठी छापखान्याकडून त्यांच्या कागदाचे प्रोफाइल मागावे आणि पडद्यावर त्याची पूर्वछटा पाहावी. वर्तमानपत्राचा कागद शाई पिऊन टाकतो. चारही शाईंची बेरीज तिथे २२० ते २४० टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही आणि ठिपके पसरतात, त्यामुळे काळ्या मूर्तीच्या सावल्या आधीच थोड्या उघडाव्या लागतात. गुळगुळीत आर्ट पेपर तीनशेच्याही वर शाई पेलतो. वसमतच्या हळदीचा पिवळा मात्र शुद्ध पिवळ्या शाईमुळे कागदावर पुष्कळदा एसआरजीबीपेक्षा बरा उतरतो. म्हणून छपाईला जाणारी हळदीची छायाचित्रे एसआरजीबीत कापून पाठवू नयेत.

पडद्याचा प्रकाश काळानुसार मंदावतो, ओलेडचा निळा घटक इतरांपेक्षा लवकर थकतो. नवा लॅपटॉप महिन्यातून एकदा आणि स्थिरावल्यानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा मोजावा. प्रत्येक प्रोफाइलला तारखेचे नाव द्यावे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा विंडोज अद्ययावत झाल्यावर प्रोफाइल जागेवर आहे का, हे एकदा उघडून पाहावे. त्यासाठी ० पासून ३० पर्यंतच्या काळ्या-करड्या पायऱ्यांचे एक चित्र मुख्य पडद्यावर ठेवून द्यावे. पाचव्या-सहाव्या पायरीपासून चौकोन वेगळे दिसू लागले आणि कुठेही हिरवी-तांबडी झाक नसली, तर औंढ्याच्या भिंतींवरील मूर्ती पाहायला तो लॅपटॉप तयार आहे असे समजावे.